पिकअपमागे कॅम्पर ओढायचाय, मग हिच कुठली घ्यायची?

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतलं कोणीतरी एक हमखास ट्रॅव्हल ट्रेलर बघून येतं, म्हणजे ती चाकांवरची पांढरी खोली, आत पलंग, गॅस, छोटं बाथरूम. पिकअप तर आधीच दारात असते, टेक्साससारख्या ठिकाणी तर आपल्या लोकांकडेही आता सर्रास असते. मग ट्रेलरवाला डीलर शेवटी कागदांवर सह्या घेताना विचारतो, हिच (ट्रकला ट्रेलर जोडायचं लोखंडी साधन) कुठली लावू, पाचशे डॉलरची की नऊशेची, आणि इथे सगळे गोंधळतात कारण तोपर्यंत सगळा वेळ आतला सोफा आणि फ्रिज बघण्यात गेलेला असतो. नेटवर शोधलं तर इतकी नावं आणि इतकी भांडणं सापडतात की माणूस वैतागून सगळ्यात महागडी घेतो नाहीतर सगळ्यात स्वस्त.

खरं तर विषय अवघड नाहीये, फक्त उलट्या टोकाने शिकवला जातो. सगळे हिचच्या ब्रँडपासून सुरुवात करतात. आपण ट्रकच्या चाकापासून करू.

आधी काही शब्द

ट्रकच्या मागच्या बंपरखाली जो चौकोनी पोकळ नळीचा तुकडा असतो तो रिसीव्हर, आजकालच्या पिकअपमध्ये बहुतेक २ इंची, मोठ्या ट्रकमध्ये अडीच किंवा ३ इंची. त्यात जो दांडा सरकवतात तो शँक, त्याच्या टोकावर लोखंडी गोळा म्हणजे बॉल, आणि ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी टोकाला जी वाटी त्या बॉलवर बसते तो कपलर. बॉलचे माप ट्रेलरच्या कपलरवरच छापलेले असते, मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरला साधारण २ पूर्णांक ५/१६ इंच आणि लहानांना २ इंच. यात अंदाज चालत नाही. मोठ्या वाटीत लहान बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो.

पुढचा शब्द टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं जेवढं वजन बॉलवर खाली दाबतं तेवढं. आणि शेवटचा पेलोड, म्हणजे ट्रकच्या अंगावर एकूण किती वजन टाकता येतं, माणसं, सामान, हिच आणि टंग वेट सगळं धरून. बस, एवढ्यावर आपलं काम भागेल.

सगळी भानगड त्या पाच फुटांची

बॉल कुठे असतो बघा. मागच्या चाकाच्या बरोबर वर नसतो, चाकापासून साधारण पाच फूट मागे लटकलेला असतो. हिचच्या दुनियेतले जवळजवळ सगळे प्रकार, सगळी जाहिरातबाजी आणि सगळे भाव हे त्या पाच फुटांचं काय करायचं याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

पाच फुटांमुळे दोन त्रास होतात. पहिला उभा त्रास: मागे वजन दाबलं की मागचं चाक टेकू बनतं आणि ट्रकचं नाक वर उचललं जातं. दुसरा आडवा त्रास: ट्रेलर डावीउजवीकडे डुलला की त्या पाच फुटांच्या दांड्याने तो ट्रकची मागची बाजू ढकलतो, म्हणजे तुम्ही स्टीयरिंग सरळ धरलंय आणि गाडी मागून कोणीतरी चालवतंय.

उभ्या त्रासाचा हिशोब करून बघू, अवघड नाही. धरून चालू की क्रू कॅबची, म्हणजे चार दारांची पिकअप आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर १४५ इंच, मागच्या चाकापासून बॉल ६० इंच मागे, आणि टंग वेट ८०० पाउंड, म्हणजे साधारण ३६३ किलो. पुढच्या चाकांवरून ८०० गुणिले ६० भागिले १४५, म्हणजे जवळपास ३३० पाउंड वजन उडून जातं. आणि मागच्या चाकांवर ८०० नाही, ११३० पाउंड येतं, कारण पुढचं उडालेलंही तिथेच येऊन पडतं. ज्या चाकांनी वळायचंय आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा भार आहे तीच हलकी झाली. रात्री समोरचा ड्रायव्हर लाइट मारतो तो यासाठी, तुमचे हेडलाइट त्याच्या डोळ्यात जातायत.

मग टंग वेट कमीच ठेवू ना!

हे सगळ्यांच्या डोक्यात येतं, आणि हेच करायचं नाही.

ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. भार चाकांच्या जरा पुढे हवा, जूवर थोडा दाब हवा. सगळी पोती मागे टाकली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि मग गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. फार पुढे टाकलं तर बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरचंही तेच, फक्त ताशी ६५ मैलांवर.

आकडा सांगायचा तर ट्रॅव्हल ट्रेलरला भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट ठेवतात, अनुभवी लोक १२-१३ टक्क्यांच्या आसपास धरतात. १० च्या खाली गेलं की ट्रेलर डुलायला लागतो. यामागचं कारण असं की प्रत्येक ट्रेलर-ट्रक जोडीला एक विशिष्ट वेग असतो, त्याच्या खाली ट्रेलरला वाऱ्याचा धक्का बसला तर दोनचार हेलकावे देऊन तो आपोआप शांत होतो आणि त्याच्या वर गेलात तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. वजन पुढे असलं की हा धोक्याचा वेग वर सरकतो, म्हणजे तुमच्या चालवायच्या वेगापासून लांब जातो. वजन मागे असलं, उदाहरणार्थ मागच्या बंपरवर चार सायकलींचा रॅक टांगला, की तो खाली येतो. ट्रेलरच्या मागे सायकली टांगणं म्हणूनच दिसतं तितकं निरुपद्रवी नाहीये.

इथे ब्रोशरचा एक घोळ. ब्रोशरमध्ये जे हिच वेट, म्हणजे टंग वेटच, छापलेलं असतं ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात बहुतेक वेळा गॅसचे भरलेले सिलिंडर नसतात, बॅटरी नसते, आणि या दोन्ही वस्तू नेमक्या टंगवरच बसतात. २० पाउंडी म्हणवणारा प्रोपेनचा सिलिंडर भरला की लोखंडासकट साधारण ३७ पाउंडांचा होतो, असे दोन, वर एक बॅटरी पन्नासेक पाउंडांची, झाले की सव्वाशे. मग पुढच्या डिक्कीत खुर्च्या, हातोडी, पाण्याचे पाइप. म्हणून छापील ५६० चा आकडा बघून घेतलेला ट्रेलर प्रत्यक्षात ८०० दाबतो, आणि यात डीलर खोटं बोललेला नसतो, त्याने फक्त रिकाम्या घराचं वजन सांगितलेलं असतं. पाण्याची टाकी तर विसरूच नका, एक गॅलन पाणी ८.३ पाउंड, ४० गॅलन म्हणजे ३३० पाउंडांच्या वर, आणि टाकी ट्रेलरमध्ये पुढे आहे की मागे यावर टंग वेट वाढेल की कमी होईल ते ठरतं.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच नक्की करते काय

साधा बॉल माउंट म्हणजे नुसता दांडा आणि गोळा. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचमध्ये त्या गोळ्याखालून दोन जाड स्प्रिंग स्टीलचे दांडे निघतात आणि मागे ट्रेलरच्या फ्रेमवर साखळीने किंवा कंसावर ताणून बसवतात. ते वाकवलेल्या अवस्थेत अडकवले की त्यांना सरळ व्हायचं असतं, आणि त्या धडपडीत ते ट्रकचं मागचं टोक वर उचलतात, त्यामुळे नाक खाली येतं. अडकवायची एक सोपी पद्धत म्हणजे बॉल लॉक केल्यावर ट्रेलरच्या जॅकने ट्रकचं ढुंगण चांगलं पाचसहा इंच वर उचलायचं, मग दांडे जवळजवळ हाताने बसतात. नुसत्या लिव्हरने ताकद लावून बसवायला जाऊ नका, तो लिव्हर सुटला तर हनुवटीवर येतो.

आता वरच्याच उदाहरणात, समजा ट्रेलरची चाकं बॉलपासून २०० इंच मागे आहेत आणि आपण दांडे असे ताणले की पुढच्या चाकांवरून उडालेल्या ३३० पैकी अर्धं म्हणजे १६५ परत आलं. तर मागच्या चाकांवरचं ११३० चं ८७५ होतं आणि ट्रेलरच्या चाकांवर साधारण ९० पाउंड जातं.

हा शेवटचा आकडा परत वाचा. ट्रकवरून फक्त ९० पाउंड कमी झालं. पुढचं सगळंच्या सगळं ३३० परत आणलं तरी १८५. लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे आहे, त्यांना वाटतं ही हिच लावली की ८०० पाउंड कुठेतरी विरघळतात. नाही विरघळत. हिच वजन वाटते, संपवत नाही, आणि त्यातलं बहुतेक ट्रकच्याच पुढच्या-मागच्या चाकांत वाटते.

किती परत आणायचं हे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं, कंपनी आणि मॉडेलप्रमाणे वेगळं. पूर्वी सगळे शंभर टक्के म्हणायचे, आता बऱ्याच पिकअपच्या मॅन्युअलमध्ये साधारण अर्धं परत आणा असं सापडेल. रिकाम्या ट्रकपेक्षा पुढे जास्त भार मात्र कधीच नको, कारण मग मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर वळताना मागचा भाग घसरतो.

आणखी एक, रिसीव्हरवर एक स्टिकर असतो, खाली वाकून बघावा लागतो, धुळीने भरलेला असतो, पुसा. त्यावर दोन ओळी असतात, साध्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशन लावून किती. अनेक हाफ-टन पिकअपवर, म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या वर्गातल्या, साध्या बॉलची मर्यादा ५००० पाउंड ट्रेलर आणि ५०० पाउंड टंग अशी काहीतरी असते. त्याच्यावर गेलात की वेट डिस्ट्रिब्यूशन लागतेच, आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

"पण माझा ट्रक ११,००० पाउंड ओढतो, कंपनीच सांगते"

ओढतो, खरंच ओढतो. पण ओढणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं.

तो आकडा येतो कुठून? एसएई जे२८०७ नावाची एक चाचणी-पद्धत आहे, आता बहुतेक सगळ्या पिकअप कंपन्या ती मानतात. त्यातली प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटाची, स्टेट रूट ६८ वर ११.४ मैलांची चढण, भर उन्हात, एसी फुल, आणि वेग ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. इंजिन, गिअर, कूलिंग या सगळ्याची कडक परीक्षा आहे, त्यात खोट नाही. पण त्यात ट्रकमध्ये माणसं किती धरलीयेत? दोन, प्रत्येकी १५० पाउंडांची. आणि टंग वेट १० टक्के. मागच्या सीटवर कोणी नाही, बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, जनरेटर नाही, कूलर नाही, बासमतीची गोणी नाही.

आता ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा पाउंडांच्या वर जाऊ नये. तो तुमच्या त्या एका ट्रकचा आकडा आहे, सनरूफ, लेदर, मोठी चाकं सगळं वजा करून. महागडं ट्रिम, म्हणजे जास्त सोयींचं मॉडेल घेतलंत तर हा आकडा कमी होतो, याचा शोरूममध्ये कोणी उल्लेख करत नाही.

समजा तो १५६० आहे. भारतातून आईबाबा आलेत, सगळे मिळून येलोस्टोनला निघालेत. नवराबायको ३३०, आईबाबा २९०, मुलगी ६०, झाले ६८०. बेडमध्ये जनरेटर, लाकडं, कूलर, २२०. हिच स्वतः ९० पाउंडांची, तीही ट्रकच्याच अंगावर. एकूण ९९०. उरले ५७०. आणि टंग वेट आहे ८००. म्हणजे २३० पाउंड जास्त, आणि वर बघितलं तसं अर्धं परत आणणारी हिच त्यातले फक्त ९० ट्रेलरकडे पाठवणार. तरी १४० जास्तच. इथे कितीही भारी हिच आणा, उत्तर हिचमध्ये नाहीये. बेडमधलं सामान ट्रेलरमध्ये त्याच्या चाकांच्या वर ठेवा, किंवा लहान ट्रेलर घ्या, किंवा पाऊणटनी ट्रक, म्हणजे २५० किंवा २५०० वाला. (आईबाबांना ट्रेलरमध्ये बसवतो असं कोणी म्हणू नका, तिथे सीटबेल्ट नसतात आणि बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे.)

म्हणूनच मी म्हणतो की हिच सगळ्यात शेवटी निवडायची. आधी पिवळा स्टिकर, मग ट्रेलर, मग हिच. डीलरकडे बरोब्बर उलट चालतं.

आडवा त्रास, म्हणजे स्वे

डॅलसहून कोलोरॅडोला जाताना यूएस २८७ ने अमरिलोकडे निघालं की दोन्ही बाजूंना सपाट माळ आणि आडवा वारा. त्यात मागून सेमी ट्रक ओव्हरटेक करायला येतो, त्याच्या नाकापुढची हवा आधी तुमच्या ट्रेलरचा मागचा भाग ढकलते, मग पुढचा, आणि तो पुढे गेल्यावर आत ओढल्यासारखं होतं. हा डुलण्याचा धक्का प्रत्येकाला बसतो. प्रश्न एवढाच की तो दोन सेकंदांत विरतो की वाढतो.

वाढायला लागला तर काय करायचं हे हिच घेण्याआधी पाठ करा: ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीयरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवू नका, आणि डॅशवरच्या ब्रेक कंट्रोलरचा छोटा हातदांडा दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रकचा ब्रेक जोरात मारला की मागून ट्रेलर अजून ढकलतो. ब्रेक कंट्रोलर बिल्ट-इन नसेल तर तो आधी बसवून घ्या, हिचपेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिचवाल्यांचे उपाय. सगळ्यात साधा म्हणजे बाजूला लावायचा एक घर्षणाचा दांडा, शंभरेक डॉलरच्या आतबाहेर. लहान ट्रेलरला ठीक, पण तीव्र वळणात रिव्हर्स घेण्याआधी काढावा लागतो, आणि बर्फात किंवा निसरड्या रस्त्यावर त्याचा ताण सोडा असं बहुतेक मॅन्युअल सांगतात, म्हणजे जेव्हा भीती वाटते तेव्हाच बंद.

त्यापेक्षा बरं म्हणजे ज्यात वेट डिस्ट्रिब्यूशनच्या दांड्यांमध्येच स्वेचा उपाय आहे. इक्वलायझर नावाची जी सगळीकडे दिसते तिच्यात दांडे ट्रेलरवरच्या कंसावर घासत राहतात, तेच घर्षण डुलणं दाबतं. पार्किंगमध्ये वळताना ती कर्रकर्र ओरडते, शेजारी बघतात. त्या आवाजाला कंटाळून कंपनीने सांगितलेलं नसताना भलतंसलतं ग्रीस लावणारे लोक त्याच घर्षणाला मारतात ज्याचे पैसे दिलेत. ब्लू ऑक्स स्वेप्रोमध्ये दांडे साखळीने ताणलेले असतात आणि ट्रेलरला सरळ रेषेत परत खेचायचा प्रयत्न करतात, ती तुलनेने शांत. रीसच्या ड्युअल कॅममध्ये दांड्यांना खाच असते, ती सरळ असताना खाचेत बसते आणि बाहेर यायला विरोध करते, पण सेटिंग नेमकं जमवावं लागतं. अँडरसनची हलकी आणि आवाजाशिवाय, साखळ्या आणि रबरासारख्या बुशिंगवर चालणारी, हाताळायला मस्त, पण जड टंग वेट असेल तर पुढे वजन परत आणायची तिची ताकद कमी पडते अशी तक्रार करणारे बरेच भेटतात आणि तिची रचना बघता ते पटतं.

हे सगळे उपाय डुलणं दाबतात, पण ते पाच फूट तिथेच राहतात. ते पाच फूटच खोडायचे असतील तर दोन रस्ते. एक हेन्सली किंवा प्रोप्राइड, यांच्यात चार कड्यांची अशी जोडणी असते की ट्रेलर जणू मागच्या चाकांच्या जवळच्या एका काल्पनिक बिंदूभोवती वळतो, बॉलभोवती नाही. वाऱ्याने ट्रेलर ढकलला तरी ट्रकच्या मागच्या भागाला आडवं ढकलायला त्याला दांडाच मिळत नाही. काम अप्रतिम करते, पण वजन खूप, जोडताना दांडा नेमका समोर आणावा लागतो, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढे. आणि तिचं जास्तीचं वजनही परत पेलोडमध्येच धरायचं बरं का.

दुसरा रस्ता म्हणजे फिफ्थ व्हील, यात ट्रेलर ट्रकच्या बेडमध्येच, मागच्या चाकांच्या वर येऊन बसतो. डुलण्याचा प्रश्न जवळपास संपतो. पण ट्रेलरच वेगळ्या जातीचा लागतो, आणि त्याचं बॉलऐवजी पिनवर येणारं वजन १० टक्के नाही, २० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे १०,००० पाउंडांच्या ट्रेलरचं २००० पाउंड थेट बेडमध्ये, हाफ-टनवाल्यांनी हात जोडावेत. साडेपाच फुटी बेड असेल तर वळताना ट्रेलरचं नाक कॅबची मागची काच फोडू शकतं, म्हणून मागे सरकणारी हिच घ्यावी लागते.

"एअरबॅग टाकतो की, ट्रक सरळ दिसेल"

दिसेल. पण दिसणं आणि असणं यात फरक आहे. मागच्या सस्पेन्शनमध्ये हवेच्या पिशव्या टाकल्या की ढुंगण वर येतं, मात्र पुढच्या चाकांवरून उडालेलं ३३० पाउंड तिथेच गायब राहतं. उलट आता डोळ्याला ट्रक सरळ दिसतो म्हणून चूक कळतही नाही. पिवळ्या स्टिकरवरचा आकडाही पिशव्यांनी वाढत नाही. ज्या ट्रकमध्ये कंपनीचंच ऑटो लेव्हलिंग आहे त्यांनी हिच सेट करताना ते बंद कधी ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर तुम्ही दांडे ताणताय आणि ट्रक गुपचूप स्वतःला सरळ करतोय.

ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक स्वे कंट्रोल आहे असंही सांगतात. आहे, आणि चांगलं आहे, एकेका चाकाला ब्रेक लावून ते सावरतं. पण ते डुलणं सुरू झाल्यावर जागं होतं.

आणि ज्यांचे भाऊ-बहीण जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये असतात ते म्हणतात, तिकडे तर लोक साध्या कारमागे कॅराव्हॅन ओढतात, बॉलवर जेमतेम ७५-१०० किलो, आणि हे लोखंडाचं जंजाळ कोणी लावत नाही. बरोबर आहे. पण तिकडच्या कॅराव्हॅन हलक्या असतात, जड सामान चाकांच्या वर ठेवायची रचना असते, आणि मुख्य म्हणजे वेग. जर्मनीत ट्रेलरसकट मर्यादा ८० किलोमीटर, खास परवानगी असली तर १००. टेक्सासमध्ये ७५ मैलांच्या हायवेवर लोक ट्रेलरसकट ७५ ने जातात, म्हणजे १२०. मघाशी तो धोक्याचा वेग सांगितला ना, तिकडचे लोक त्याच्या खाली राहून प्रश्न सोडवतात. आपणही ६०-६२ मैलांवर राहिलो तर फुकटात मिळणारा तो सगळ्यात चांगला स्वे कंट्रोल आहे. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर असला की ५५ हाच कायदा आहे.

काट्यावर नेल्याशिवाय काही कळत नाही

ट्रकवाल्यांच्या पेट्रोल पंपांवर, लव्ह्ज, पायलट वगैरे, कॅट स्केल असतात. मोठा वजनकाटा, तीन पाट्या. पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर येतील असं थांबायचं, खांबावरचं बटण दाबायचं, आतून बाई विचारते कंपनी कोणती, तर प्रायव्हेट म्हणायचं. लाजायचं काही कारण नाही, कॅम्परवाले रोज येतात. फोनवरच्या ॲपनेही होतं.

तीनदा वजन करायचं: दांडे ताणून, दांडे सोडून, आणि ट्रेलर बाजूला पार्क करून नुसता ट्रक, सगळी माणसं आत बसलेली. आपल्या उदाहरणातली चिठ्ठी अशी दिसेल: नुसता ट्रक पुढे ३२६०, मागे ३१७०. दांड्यांशिवाय पुढे २९३०, मागे ४३००, ट्रेलर ५६००. दांडे ताणून पुढे ३०९५, मागे ४०४५, ट्रेलर ५६९०. पहिल्या दोन्हींवरून ट्रकच्या वजनातला फरक काढा, ७२३० वजा ६४३०, हे तुमचं खरं टंग वेट, ८००. ट्रेलरचं पूर्ण वजन ६४००, म्हणजे साडेबारा टक्के, छान. पुढे ३३० गेलं होतं, १६५ परत आलं, म्हणजे निम्मं. आणि ट्रकवर एकूण ७१४०, दरवाजावरची ट्रकसकट एकूण वजनाची कमाल मर्यादा जर ७००० असेल तर १४० जास्त, जे आपण आधीच ताडलं होतं. एक चहा होईपर्यंत सगळं कळतं, आणि कुठल्याही डीलरचा अंदाज याच्यापुढे टिकत नाही.

मग शेवटी कुठली

ट्रेलर भरून ४००० पाउंडांच्या आत आणि ट्रक फुल साइज असेल तर चांगला साधा बॉल माउंट, योग्य उंचीचा, पुरतो, वाऱ्याचा प्रदेश असेल तर घर्षणाचा एक दांडा जोडा. पाच ते आठ हजारांच्या मधले, म्हणजे आपल्यातले बहुतेक कुटुंबवाले, त्यांनी स्वे कंट्रोल आतच असलेली वेट डिस्ट्रिब्यूशन घ्यावी, इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स, पाचशे ते नऊशे डॉलर, आणि ब्रँडवरून रात्र जागवू नये, सेटिंग बरोबर असलेली मधली हिच ही वाकड्या लावलेल्या महागड्या हिचपेक्षा कधीही बरी. दांड्यांचा आकडा टंग वेटला जुळवा. ८०० ला १००० चे ठीक, १४०० चे घेतले "जास्त मजबूत" म्हणून तर ते वाकतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा ट्रेलरच्या फ्रेमवर जातो. ३० फुटांच्या वरचा लांब ट्रेलर आणि वर्षभर भटकायचं असेल तरच प्रोप्राइडचा विचार, आणि तो विचार पाऊणटनी ट्रकनंतर.

उंचीचं बघा: सपाट जागेवर ट्रेलर जॅकने अगदी समतल करून कपलर जमिनीपासून किती उंच ते मोजायचं, रिसीव्हर किती उंच ते मोजायचं, त्यावरून शँक वर-खाली घ्यायचा. जोडल्यावर ट्रेलर समतल किंवा नाक केसभर खाली. नाक वर नको, दोन ॲक्सल असतील तर मागच्यावर जास्त भार जातो.

आणि घेण्याआधी भाड्याने आणून बघणार असाल, जे मी सगळ्यांना सांगतो, तर मालक हिच सोबत देतो पण ती त्याच्या ट्रकच्या उंचीला लावलेली असते. बुकिंग करतानाच विचारा: बॉल किती इंची, शँक २ इंची की अडीच, दांडे कितीचे, आणि शँकचे बोल्ट उघडून उंची बदलून देणार का. नाही म्हणाला तर दुसरा ट्रेलर बघा.